ते हिरवे गोळे म्हणजे पित्ताचे खडे नाहीत हो
तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज परत फिरतोय, पाच दिवस सफरचंदाचा ज्यूस प्या, मग रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस घ्या, सकाळी पित्ताशयातले खडे शौचातून पडतात म्हणे. आणि खरंच हिरवे मऊ गोळे पडतात, लोक फोटो पण काढून पाठवतात, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. पण २००५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली एक केस बघा, एका बाईने असेच गोळे आणून दिले, लॅबमध्ये तपासले तर ४० डिग्रीला वितळून तेलकट हिरवं पाणी झालं. कोलेस्टेरॉल, कॅल्शियम काहीच नाही, पोटातच तेल आणि लिंबातल्या पोटॅशियमचा साबण तयार झालेला!

लिव्हर पित्त बनवतं, पित्ताशय ते साठवून घट्ट करतं आणि तेलतूप पोटात गेलं की आकुंचन पावून आतड्यात सोडतं. गोची इथेच आहे, एवढं तेल एकदम प्यायलं की पित्ताशय जोरात आवळतं आणि खरा खडा असेल तर तो अरुंद नळीत जाऊन अडकू शकतो, मग कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज. मूतखडा लघवीतून पडतो तसंच हे असेल असं वाटतं लोकांना, पण दोन्ही अवयव वेगळे, रस्ते वेगळे.

खडे खरंच गेले का बघायचं तर परत सोनोग्राफी करा ना, फोटो कशाला पाठवता (तेही जेवायच्या वेळेला).