लेडीबावरभोवतीच्या सायकलवाटा : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या लेडीबावर जलाशयाच्या पूर्वेला डरवेन्ट एज ही लांबलचक कातळधार आहे. तिच्या माथ्यावरची वाट ऐसपैस आहे, मधेमधे तिला दगडी फरशाही बसवल्या आहेत, पण तिच्यावर सायकल चालवण्याचा हक्क कुणालाच नाही. याच धारेच्या दक्षिण टोकाला व्हिन्स्टन ली टॉरवरून जलाशयाकडे उतरणारी वाट मात्र सायकलला खुली आहे, आणि ती गोट्यांनी भरलेली असते. उतार, माती किंवा पक्ष्यांची घरटी पाहून हा फरक ठरलेला नाही. तो ठरला कागदावर, आणि तेही माउंटन बाइक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

धरणांची कथा सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून इथे थोडक्यात. हाउडन आणि डरवेन्ट ही वरची दोन दगडी धरणे १९०१ ते १९१६ या काळात बांधली गेली. त्यांना सुमारे १२ लाख टन दगड लागला. तो आणण्यासाठी बॅमफर्डपासून खास रेल्वे टाकली होती, आणि दगड घडवण्याचे आवार फेअरहोम्स इथे होते. खालचे लेडीबावर हे मातीचे धरण १९३५ ते १९४३ मधले. त्याच्या पाण्यात अ‍ॅशॉप्टन आणि डरवेन्ट ही दोन गावे गेली. आज फेअरहोम्सला वाहनतळ आहे आणि भाड्याने सायकली मिळतात. रेल्वेचा खालचा पट्टा थॉर्नहिल ट्रेल झाला. वरच्या दोन जलाशयांना वळसा घालणारी पंधरा-सोळा किलोमीटरची फेरी घरच्या मंडळींना, लहान मुलांना झेपते, त्याचे श्रेय धरण बांधणाऱ्यांनी आखलेल्या सौम्य चढांना द्यायला हवे.

डरवेन्ट गाव बुडाले, पण त्याचा सतराव्या शतकातला पूल वाचला. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेल्या या पुलाचे दगड क्रमांक घालून उतरवले गेले आणि १९५९ मध्ये हाउडनच्या वर, स्लिपरी स्टोन्स इथे, पुन्हा रचले गेले. उत्तरेकडे कट गेट या घोडवाटेला जाणारे सायकलस्वार आज त्याच्यावरूनच जातात.

वरच्या माळावर, म्हणजे हेदरची खुरटी झुडपे आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली माती) असलेल्या मूरवर, सामान्य माणसाला फिरकू देत नसत. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो राखलेला असे. एप्रिल १९३२ मधली किंडरची घुसखोरी, म्हणजे बंदी मोडून पदयात्रींनी किंडरच्या मूरवर केलेला प्रवेश, तिकडे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जवळच्या शेफील्ड शहरातल्या पदयात्रींनी थेट डरवेन्टच्या पूर्वेला, अ‍ॅबी ब्रूक ओढ्याच्या बाजूला, तेच केले, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. ही चळवळ पायी चालणाऱ्यांची होती. पुढचे सगळे कायदे त्यांच्याच नजरेतून लिहिले गेले, आणि मला वाटते, आजच्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

१९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटी कौन्सिलला, म्हणजे जिल्ह्याच्या कारभारी मंडळाला, सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. कुठली वाट पायवाट, कुठली ब्रिडलवे म्हणजे घोडवाट, याची पहिली यादी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांकडून मागवली गेली. कुठे नोंदी बारकाईने झाल्या, कुठे उरकल्या गेल्या. शतकानुशतके घोडे आणि मेंढ्या गेलेली वाटसुद्धा ‘पायवाट’ म्हणून चढली, की ती पायवाटच. इथे आणखी एक गुंता होता. काउंटीची हद्द हाउडन जलाशयाच्या मधून जाते. पश्चिम काठ डर्बीशरचा आणि पूर्व काठ तेव्हा यॉर्कशरचा, त्यामुळे एकाच खोऱ्याचे नकाशे दोन कचेऱ्यांत तयार झाले.

तेव्हा हा फरक सायकलीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा होता, कारण सायकलला दोन्हींवर हक्क नव्हता. तो आला १९६८ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने. घोडवाटेवर सायकल चालवता येईल, मात्र पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागेल. हे कलम आले तेव्हा डोंगरात सायकल नेणारे होते ते टुरिंगच्या सायकली खांद्यावर मारून मूर ओलांडणारे मूठभर हौशी. मूठभरांसाठी दिलेली सवलत म्हणून ते कलम वाचून पाहिले, तर त्यातली पुढची ओळ कळते: या हक्कामुळे सायकलस्वारांच्या सोयीसाठी काही करण्याचे बंधन कुणावरही येणार नाही. हक्क दिला, पण त्याची जबाबदारी कुणावरच टाकली नाही. ऐंशीच्या दशकात जाड टायरच्या सायकली आल्या आणि शनिवार-रविवारी शेफील्डहून लोक लोटू लागले, तेव्हा त्या मूठभरांच्या कलमावर सगळ्या गर्दीचा भार आला.

ही चूक दुरुस्त करण्याची संधी २००० साली होती. त्या वर्षीच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधले मूर, डोंगर आणि माळ सर्वांना खुले केले, पण फक्त पायी. सायकल आणि घोडा दोन्ही वगळले. पीट नाजूक असते, एकदा फाटले की भरून यायला दशके लागतात, घरटी जमिनीवर असतात, ही बाजू खोटी नाही. पण तीन वर्षांनी स्कॉटलंडने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर सायकलसह सर्वांना प्रवेश दिला, आणि तिथेही पीट आणि घरटी आहेतच. डरवेन्टच्या मूरवर मात्र आज चालणारा हेदरमधून कुठेही भटकू शकतो आणि सायकलस्वार फरशी घातलेल्या वाटेवरही परका ठरतो. तिथे सायकल चालवणे सहसा फौजदारी गुन्हा नाही, जमीनमालकाविरुद्धचा दिवाणी अतिक्रमणाचा मामला आहे. म्हणूनच अंधार पडल्यावर तिथे दिवे लुकलुकतात, हे स्थानिकांना माहीत आहे.

हक्काची बाजू अशी अडल्यावर भांडण वाटेच्या पृष्ठभागाकडे वळले. २०१४ मध्ये जवळच्याच रशअप एज या धारेवर काउंटी कौन्सिलने खडकाळ पायऱ्यांच्या घोडवाटेवर खडी ओतायला सुरुवात केली. देखभाल हे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य, आणि वाट निसरडी आहे हा तिचा मुद्दा. विरोधात सायकलस्वार उतरले, चालणारे उतरले, आणि ज्यांच्यासाठी हे होते असे सांगितले जात होते ते घोडेस्वारही उतरले. काम अर्ध्यावर थांबवावे लागले.

कट गेटवर उलटे घडले. स्लिपरी स्टोन्सपासून लँगसेट गावाला जाणारी ही घोडवाट ५०० मीटरांहून उंच मूर ओलांडते. डरवेन्ट खोऱ्यातले शेतकरी मेंढ्या घेऊन पेनिस्टनच्या बाजाराला हिच्यावरून जात. इथल्या दलदलीत चाक एक्सलपर्यंत रुतायचे. लोक चिखल टाळून कडेने जात आणि वाट दरवर्षी रुंदावत पीट खात जाई. २०१८ च्या सुमारास गिर्यारोहकांनी आणि सायकलस्वारांनी मिळून तिच्या डागडुजीसाठी वर्गणी उभारली. रशअपला दगड टाकू नका म्हणणारेच इथे दगड टाकायला पैसे देत होते, म्हणून त्यांना दुटप्पी म्हटले गेले. मला तसे वाटत नाही. रशअपला खडक होता, त्याला खडीची गरज नव्हती. कट गेटला खाली पीट वाहून चालले होते. दोन्हीकडे तोडगा जमिनीकडे पाहून काढायचा होता, आणि कौन्सिलने एका ठिकाणी तो पाहिलाच नाही.

त्यानंतरच्या घडामोडी अजून संपलेल्या नाहीत. २५० वॉटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी इ-बाइक कायद्याने साधी सायकलच, त्यामुळे तीही घोडवाटेवर चालते. एकेकाळी चढामुळे आपोआप गाळले जाणारे लोक आता वर पोचतात. मुख्य प्रश्न जुन्या नकाशांचाच आहे. २००० च्या कायद्याने १९४९ पूर्वीच्या, नोंद न झालेल्या वाटांचे दावे करण्याची मुदत १ जानेवारी २०२६ ठेवली होती. सरकारने ती २०२२ मध्ये रद्द करू म्हटले, २०२३ मध्ये २०३१ पर्यंत वाढवली, आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा रद्द करण्याची घोषणा केली. या हेलकाव्यांत स्वयंसेवक जुन्या जमीन-वाटपाचे नकाशे आणि महसुली दप्तरे चाळत राहिले. कारण एखाद्या पायवाटेवरून पूर्वी हक्काने घोडा जात होता एवढे सिद्ध झाले, तर ती घोडवाट ठरते, आणि घोडवाट ठरली की १९६८ च्या त्या कलमाने सायकल आपोआप तिच्यावर येते.