पडीक रानात इंधनाचा बांबू: अटल बांबू समृद्धी योजनेचा अर्ज

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या मुरमाड उतारांवर आणि सिन्नर-येवल्याच्या बांधालगतच्या पडीक तुकड्यांवर बांबू चांगला येतो. द्राक्षाची किंवा कांद्याची ओलिताची जमीन मात्र त्यासाठी अजिबात गुंतवू नका. आसामात नुमालीगड इथे बांबूपासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभा राहिला आहे. शिवाय केंद्राच्या 2021 च्या धोरणानुसार कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशात जैविक पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) मिसळावे लागतात. त्यामुळे बांबूला इंधन म्हणून मागणी तयार होते आहे.

अटल बांबू समृद्धी योजना महाराष्ट्र बांबू विकास मंडळाची, मुख्यालय नागपूरला. स्वतःच्या नावावर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्याला टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपं सवलतीत मिळतात. 2019 च्या मूळ नियमांत एकूण जमीन 4 हेक्टरपर्यंत असेल तर सवलत 80 टक्के होती, त्याहून जास्त असेल तर 50 टक्के. हेक्टरी 600 रोपं धरली जातात: 500 लावायची, 100 मर भरून काढायला. तेव्हा एका शेतकऱ्याला एका हेक्टरपुरताच लाभ होता.

कागदपत्रांत बहुतेकांचं अडतं ते सातबाऱ्यावर. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद लावून घ्या. सामाईक खातं असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा, भाऊबंदकीतले वाद रोपं आल्यावर निस्तरत नाहीत. बाकी आठ-अ (खातेउतारा), शेताचा नकाशा, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, आधार, पासबुकाची प्रत किंवा कोरा धनादेश लागतो. कुंपण आणि पाण्याची सोय आहे, तसंच जिओ टॅग केलेले (जागेची नोंद असलेले) फोटो पाठवू, असं हमीपत्रही द्यावं लागतं. कुंपणाचं हमीपत्र नुसतं सहीपुरतं समजू नका. पहिली दोन वर्षं मोकाट गुरं आणि शेळ्या कोवळे कोंब शिल्लक ठेवत नाहीत.

मंडळ अर्ज मागवतं तेव्हा तो मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. माहितीसाठी नाशिकच्या वनविभाग कार्यालयात चौकशी करता येते. अर्ज मंजूर झाल्यावर आपला हिस्सा भरायचा, मग रोपं मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर खड्डे तयार हवेत, अंतर 5 बाय 4 मीटर.

लागवडीनंतर ई-पीक पाहणीत (पीक नोंदवायच्या सरकारी मोबाइल ॲपवर) बांबूची नोंद करा. 2017 च्या भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येत राहिलेला नाही, म्हणून तोडीसाठी वनखात्याची परवानगी लागत नाही. तोड साधारण चौथ्या वर्षापासून सुरू होते. काढायच्या त्या तीन वर्षं पूर्ण झालेल्या काठ्या. त्या वर्षीचे कोंब तोडले तर पूर्ण बेट खचतं.

अर्ज भरण्याआधी एक काम नक्की करा. जवळचा पेलेट किंवा ब्रिकेट (जळणाच्या दाबलेल्या विटा) कारखाना गाठा, टनाला काय दर देतात आणि वाहतूक कोणाच्या माथी, ते विचारा. जळणाचा माल वजनाला जड आणि दराला हलका असतो, त्यामुळे अंतर वाढलं की नफा भाड्यातच जातो.