भूविज्ञानात एम.एस्सी. करायचे असल्यास: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, दाखले आणि अर्जाची प्रक्रिया

भूविज्ञानातील एम.एस्सी.साठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमाआधी स्वतःच्या बी.एस्सी.च्या आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिका समोर घेऊन बसावे. बहुतेक संस्था पदवीला भूविज्ञान हा विषय तीन वर्षे शिकलेला असावा अशी अट घालतात, आणि काही संस्था त्याच्या जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांसारखे विषयही मागतात. भूगोल आणि भूविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत, हे सांगावे लागू नये. पण नावातल्या ‘भू’वर विसंबून भूगोलाचे पदवीधर परीक्षेचे शुल्क भरून बसतात आणि पात्रतेच्या तपासणीत अडकतात, म्हणून सांगितलेले बरे. ज्यांची पदवी भौतिकशास्त्र आणि गणितातील आहे, त्यांनी भूभौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमांच्या अटी पाहाव्यात. तेथे ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

प्रवेशाचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग आयआयटींच्या ‘जॅम’ या संयुक्त परीक्षेचा, ज्यातून मुंबईच्या आयआयटीतील उपयोजित भूविज्ञानासारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. दुसरा मार्ग राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या ‘सीयूईटी पीजी’चा असून, बनारस हिंदू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ यांसारखी केंद्रीय विद्यापीठे त्यातील गुण ग्राह्य धरतात. तिसरा मार्ग राज्यातील विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रक्रियेचा आहे: पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ, सोलापूरच्या विद्यापीठातील भूशास्त्र संकुल आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्र संकुल येथे हा विषय शिकवला जातो. कोल्हापूरहून सोलापूर आणि पुणे ही ठिकाणे जवळची असल्यामुळे तिसरा मार्ग घरखर्चाच्या दृष्टीने सोयीचा ठरतो. तरीही केवळ अंतर पाहून पहिले दोन अर्ज सोडून देऊ नयेत.

जॅमची नोंदणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे पहिले सत्र चालू असतानाच अर्ज भरावा लागतो. भूविज्ञानाचा पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा आणि ६० प्रश्नांचा असतो. त्यातील एकच उत्तर बरोबर असलेल्या ३० प्रश्नांना चुकीच्या उत्तराबद्दल त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा होतात; अनेक उत्तरे बरोबर असू शकणारे १० प्रश्न आणि संख्येत उत्तर द्यायचे २० प्रश्न यांना मात्र वजावट नाही. वयाची अट नाही आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात.

खरी अडचण येते ती दाखल्यांची. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल, तर राज्याच्या नमुन्यातील दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. तेथे केंद्राच्या विहित नमुन्यातीलच दाखला लागतो. इतर मागासवर्गातील विद्यार्थ्याने आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हे आधी पाहावे, कारण राज्याची आणि केंद्राची यादी तंतोतंत सारखी नाही. कुणबी ही जात महाराष्ट्राच्या केंद्रीय यादीत आहे. मराठा समाजाला राज्याने २०२४ मध्ये दिलेले एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे, आरक्षण मात्र राज्यातील संस्थांपुरतेच असल्यामुळे आयआयटीच्या अर्जात त्याचा उपयोग होत नाही. तेथे अटी पूर्ण होत असतील, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा, केंद्रीय दाखला काढावा लागतो.

ईडब्ल्यूएस आणि इतर मागासवर्ग या दोन दाखल्यांतील उत्पन्नाचा हिशेब वेगळा आहे, आणि शिरोळ, करवीर किंवा कागलच्या ऊस उत्पादक कुटुंबांसाठी तो समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचे मागील आर्थिक वर्षाचे सर्व मार्गांचे उत्पन्न मोजले जाते, त्यात शेतीचे उत्पन्नही येते, आणि ते ८ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. शिवाय उत्पन्न कितीही कमी असले, तरी कुटुंबाकडे ५ एकर, म्हणजे २०० गुंठे, किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास अथवा १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका असल्यास दाखला मिळत नाही. इतर मागासवर्गाच्या उन्नत गटाच्या, म्हणजे क्रिमीलेअरच्या, केंद्रीय निकषात मात्र ८ लाखांच्या मर्यादेसाठी आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही; तेथे वडील वा आई कोणत्या पदावर आहेत आणि जमीनधारणा किती आहे याचे निकष स्वतंत्रपणे लागू होतात. त्यामुळे ‘आमचे उत्पन्न जास्त, दाखला मिळणार नाही’ असे परस्पर ठरवू नये.

ईडब्ल्यूएसचा दाखला तहसीलदारांकडून, तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा, दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा तालुक्याच्या सेतू केंद्रातून करता येतो. सोबत आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचे पुरावे, सातबारा आणि आठ-अ उतारे तयार ठेवावेत. सातबारा भावकीत सामाईक असेल, तर आपल्या कुटुंबाचा हिस्सा किती, हे कागदोपत्री स्पष्ट असणे उपयोगाचे असते. उत्पन्नाशी निगडित दाखला परीक्षेच्या अर्जावेळी काढला, तरी प्रवेशापर्यंत मध्ये ३१ मार्च उलटतो. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकात कोणत्या तारखेनंतरचा दाखला ग्राह्य आहे ते वाचून, आवश्यक असल्यास एप्रिलमध्येच नवा अर्ज द्यावा. राज्यातील विद्यापीठात राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि पडताळणी समितीकडील कामाला वेळ लागत असल्यामुळे हा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षातच दिलेला चांगला.

परीक्षेत गुण मिळाले म्हणजे प्रवेश झाला, असे नसते. जॅममध्ये निकालानंतर संस्था आणि अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम देणारा प्रवेशाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, आणि सीयूईटीचे गुण आल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. दरवर्षी चांगले गुण असूनही काही विद्यार्थी या टप्प्यावर गळतात, ते केवळ तारीख न पाहिल्यामुळे.

अभ्यासक्रम निवडताना पदवीच्या नावाकडेही लक्ष असावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकांची निवड संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित भूवैज्ञानिक परीक्षेतून होते, आणि तिच्या अधिसूचनेत पात्र पदव्युत्तर पदव्यांची नावे दिलेली असतात. पुढे ही परीक्षा देण्याचा विचार असेल, तर आपला अभ्यासक्रम त्या यादीत बसतो का, हे प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.

शिवाजी विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागते. निकालानंतर त्याचा अर्ज लगेच करावा. गुणपत्रिकेवर श्रेणीगुण असतील, तर त्यांचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे विद्यापीठाचे सूत्र किंवा तसे पत्र त्याच खेपेस मागून घ्यावे. अंतिम निकाल लांबल्यास संस्था सहसा तात्पुरता प्रवेश देते, पण निकाल सादर करण्याची मुदत तिच्या पत्रातच नमूद असते आणि ती उलटल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो.