वस्तरा, वासराचा डोळा आणि झाकलेला पडदा : पार्श्वभूमी

लुइस बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या जुन्या मूकपटातला डोळा चिरण्याचा प्रसंग अलीकडे नाशिकमधल्या एका खेळात झाकला गेला, त्याची ही पार्श्वभूमी. फाळक्यांबद्दल नाशिककरांना नव्याने सांगायला नको. पण १९१८ साली त्यांनी इथे भागीदारीत चित्रपट कंपनी सुरू केली, तिच्या पहिल्याच कृष्णपटाचा जो तुकडा आज पाहायला मिळतो, त्यात कंसाला पडलेलं एक भयस्वप्न आहे. त्याचं मुंडकं धडावेगळं होतं, वर तरंगतं आणि परत येऊन बसतं. प्रेक्षकांना त्याचा धक्का बसला असेल, कोडं पडलं नसेल. कंसाचं मरण कुणाच्या हातून हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

अकरा वर्षांनी पॅरिसमध्ये लुइस बुन्युएलने नेमकी ही सोय काढून घेतली. ‘अन शिएन आंदालू’ हा मूकपट त्याने आईकडून आणलेल्या पैशांत केला. पटकथा त्याने आणि साल्वादोर दाली या चित्रकाराने मिळून लिहिली. बुन्युएलच्या स्वप्नात ढगाची पट्टी चंद्राला चिरत गेली होती, दालीच्या स्वप्नात तळहातावर मुंग्या वळवळत होत्या. ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल ते दृश्य घ्यायचंच नाही, एवढा एक नियम दोघांनी पाळला. जून १९२९ मधल्या पहिल्या खेळाला बुन्युएल पडद्यामागे उभा राहून ग्रामोफोनवर आलटून पालटून वाग्नर आणि टँगोच्या तबकड्या लावत होता. प्रेक्षक अंगावर आले तर असावेत म्हणून खिशात दगड घेऊन आलो होतो, असं त्याने पुढे सांगितलं. दगडांची गरज पडली नाही. सिनेमा गाजला आणि महिनोन्महिने चालला.

अलीकडे नाशिकमध्ये ज्या निर्णयावरून वाद झाला तो या सिनेमाच्या सुरुवातीच्या काही क्षणांबद्दलचा आहे. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात कॉलेजच्या मुलांसाठी खेळ होता आणि डोळा चिरण्याच्या जागी आयोजकांनी प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरला. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, काहींना पुढे काय येणार याची कल्पना नव्हती, आणि कुणाला भोवळ आली असती तर जबाबदारी कुणाची?

पण काय झाकलं गेलं ते पाहायला हवं. एक माणूस (हा स्वतः बुन्युएलच) वस्तऱ्याला धार लावतो, अंगठ्याच्या नखावर ती तपासतो आणि बाल्कनीत येतो. खुर्चीत बसलेल्या बाईचा डोळा बोटांनी ताणून उघडतो. आकाशात ढग चंद्रावरून सरकतो. पुढच्या तुकड्यात डोळा चिरला जातो आणि आतला द्रव बाहेर येतो. तो डोळा मेलेल्या वासराचा आहे. बाईच्या चेहऱ्याला वस्तरा लागलेलाच नाही, जे काही घडलं ते जोडकामात. मग पाटी येते, ‘आठ वर्षांनी’, आणि तीच नटी दोन्ही डोळे शाबूत घेऊन खोलीत वाचत बसलेली दिसते. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खरी अस्वस्थता इथे सुरू होते. पुठ्ठ्यामुळे मुलांच्या वाट्याला फक्त वाचत बसलेली बाई आली. चिरलेला डोळा पाहिलेलाच नसेल, तर शाबूत डोळ्यांनी कोण कशाला दचकेल? दाराशी सूचना लावून ज्याला नको त्याला बाहेर बसू दिलं असतं, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

कात्री लावणाऱ्यांशी बुन्युएलची गाठ आयुष्यभर पडत राहिली. १९३० च्या ‘लाज दोर’च्या खेळात उजव्या गटांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली, बाहेर मांडलेली चित्रं फाडली, आठवडाभरात पोलिसांनी बंदी घातली. पॅरिसमध्ये तो पुन्हा रीतसर लागायला १९८१ उजाडलं. १९६१ च्या ‘विरिदियाना’त नायिका नात्यातल्या भावाच्या खोलीत शिरते आणि दार बंद होतं, असा शेवट होता. स्पेनच्या सेन्सॉरने तो नाकारला. मग बुन्युएलने तिला भाऊ आणि मोलकरीण यांच्यासोबत पत्ते खेळायला बसवलं. परवानगी मिळाली आणि शेवट आधीपेक्षा जास्त चावट झाला! फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्पेनमध्ये मात्र बंदी आली ती १९७७ पर्यंत.

या अनुभवांनी असेल किंवा वयाने, त्याच्या सिनेमातलं रक्त कमी होत गेलं. मेक्सिकोतल्या गरीब मुलांवरच्या ‘लोस ओल्विदादोस’मध्ये (१९५०) स्वप्नात आई संथपणे मुलाकडे कच्च्या मांसाचा लोंबता तुकडा घेऊन येते, पलंगाखालून दुसराच हात तो हिसकावतो. १९६२ च्या सिनेमात तर जेवून उठलेल्या पाहुण्यांना दिवाणखान्यातून बाहेर पडता येत नाही. दाराला कडी नाही, कुणी अडवलेलं नाही, तरी उंबरठा ओलांडवत नाही. सेन्सॉर इथे कापणार तरी काय?

त्याच्या खात्यावर न फेडलेली एक गोष्ट मात्र आहे, आणि कौतुक करणारे ती पटकन ओलांडतात. लास उर्देस या स्पेनमधल्या गरीब डोंगराळ भागावरच्या १९३३ च्या माहितीपटात कड्यावरून बकरी कोसळते. निवेदन सांगतं ते पाय घसरल्याचं. चौकटीच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो. वासराचा डोळा मेलेल्या जनावराचा होता, ही बकरी चित्रणासाठी मारली गेली. नाशिकच्या चर्चेत पुठ्ठ्यावर तासभर बोललं गेलं, बकरीचा विषय निघाला नाही.

१९६७ च्या ‘बेल द जूर’मध्ये कुंटणखान्यात आलेलं एक गिऱ्हाईक छोटी पेटी उघडून दाखवतं. आतून गुणगुण ऐकू येते, एक बाई नकार देते, आणि पेटीत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. हा प्रश्न बुन्युएलला लोक सतत विचारत. तुम्हाला हवं ते समजा, असं तो सांगे. खरं म्हणजे त्यालाही ते माहीत नव्हतं.