रेणूचं चित्र बघून विष ओळखता येतं का?

सिटीलाइटच्या मार्केटात आमची एक ठरलेली मावशी आहे, ती पापलेटचा कल्ला नुसता वर करून बघते आणि सांगते घे की नको. इतके मासे हाताखालून गेलेत की नजरच तयार झालीय. एकदा मी तिला मोबाइलवर कुठल्यातरी नदीच्या माशाचा फोटो दाखवला तर म्हणाली, "ह्यातलं मला नको विचारू बाई, आपलं समुद्राचं."

माझी एक मैत्रीण औषध कंपनीत रेग्युलेटरीला आहे आणि तिचं सॉफ्टवेअर साधारण मावशीसारखंच काम करतं, फक्त माशांच्या जागी रेणू.

होतं काय, गोळीतलं औषध बनवताना आधीच्या रिॲक्शनमधलं काही ना काही शिल्लक राहतंच, त्याला इम्प्युरिटी म्हणतात. ती डीएनए बिघडवते का, म्हणजे पुढे कॅन्सरची भीती आहे का, हे रेग्युलेटरला, म्हणजे औषधाला परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, दाखवावं लागतं. त्यासाठी एम्स टेस्ट आहे, ब्रूस एम्स यांनी 1970 च्या दशकात काढलेली. साल्मोनेलाचे असे जंतू घ्यायचे ज्यांना हिस्टिडीन (वाढायला लागणारं एक अमिनो ॲसिड) स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, त्यांच्यात तो पदार्थ घालायचा आणि प्लेट 37 डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवायची. जनुकात बदल झाला की काही जंतूंना हिस्टिडीन परत बनवता येतं, ते वाढतात, प्लेटवर ठिपके दिसतात. तो पदार्थ न घातलेल्या प्लेटपेक्षा ठिपके बरेच जास्त आले की गडबड.

पण कितीतरी इम्प्युरिटी इतक्या किंचित असतात की टेस्टपुरता माल वेगळा काढणं हीच एक डोकेदुखी. म्हणून 2014 च्या आयसीएच एम 7 ह्या औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनने कॉम्प्युटरला परवानगी दिली, पण एकट्या मॉडेलवर नाही हां, दोन पाहिजेत आणि ती पण वेगवेगळ्या स्वभावाची. एक जाणकारांनी लिहिलेल्या नियमांवर चालणारं, म्हणजे अमुक तुकडा रेणूत दिसला की घंटा वाजव. दुसरं जुन्या टेस्टचे ढीगभर निकाल चाळून आकडेमोड करणारं. दोघं "काही नाही" म्हणाले तर एम्स टेस्टची गरज नाही. एकाने जरी घंटा वाजवली तर माणसाने बसून तपासायचं, नाहीतर टेस्ट करायची, नाहीतर ती इम्प्युरिटी फार कमी ठेवायची, आयुष्यभर घ्यायच्या औषधात साधारण दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅमच्या आत.

रेणूच्या रचनेवरून त्याचा गुण सांगणाऱ्या ह्या मॉडेलांना क्यूएसएआर म्हणतात. 2004 मध्ये ओईसीडी ह्या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्यासाठी पाच तत्त्वं ठरवली, त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मॉडेलने आपली हद्द सांगितली पाहिजे. ज्या तऱ्हेचे रेणू त्याने कधी बघितलेच नाहीत त्यांच्यावर "आउट ऑफ डोमेन" असं उत्तर आलं पाहिजे. नवीन लोकांना हे उत्तर आलं की सॉफ्टवेअर बिघडलंय वाटतं, माझी मैत्रीण उलट खूश होते, कारण थाप मारून "सेफ आहे" म्हणणारं मॉडेल जास्त महागात पडतं.

अर्थात मॉडेल चांगलं असून भागत नाही. 2018 मध्ये ब्लडप्रेशरच्या वलसार्टन गोळ्यांमध्ये एनडीएमए नावाचं नायट्रोसमाइन सापडलं आणि देशोदेशी गोळ्या परत मागवाव्या लागल्या. आता नायट्रोसमाइन म्हणजे ह्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कुप्रसिद्ध गुंड, वर सांगितलेली 1.5 ची सवलतसुद्धा त्यांना नाही. नाव टाकलं असतं तर सेकंदात घंटा वाजली असती! पण टाकलंच नव्हतं ना. बनवायची पद्धत बदलली होती, त्यात डीएमएफ हे सॉल्व्हंट (विरघळवायचं द्रव) आलं, मग रिॲक्शनमधलं उरलेलं अझाइड नावाचं रसायन मारायला सोडियम नायट्राइट घातलं, आणि डीएमएफमधून सुटलेल्या डायमिथाइलअमाइनची त्या नायट्राइटशी गाठ पडली. कागदावर त्या रेणूचं चित्र कोणी काढलंच नव्हतं, मग कॉम्प्युटरला विचारणार तरी काय.

म्हणून मैत्रीण आता सॉफ्टवेअर उघडायच्या आधी प्लँटला फोन लावते. सॉल्व्हंट कुठलं, रिकव्हर केलेलं की फ्रेश, नायट्राइट कुठल्या स्टेपला, टँक आधी कशाला वापरला होता. पलीकडचे वैतागतात, "मॅडम, सगळं फाइलमध्ये आहे." ती तरी परत विचारते.