ढोल, भट्टी आणि गुणसूत्रांचे तुकडे: बांटू लोकांचा माग

‘आफ्रिकन’ हा शब्द आपण एखाद्या जातीचं नाव असल्यासारखा वापरतो. आफ्रिकन नाच, आफ्रिकन मुखवटे, आफ्रिकन चेहरा. प्रत्यक्षात माणसाच्या डीएनएमधली सर्वांत जास्त विविधता आफ्रिकेतच आहे. पश्चिम आफ्रिकेतला शेतकरी आणि दक्षिणेच्या कालाहारी वाळवंटातला सान शिकारी यांच्या वंशशाखा लाखभर वर्षांहून कितीतरी आधी वेगळ्या झाल्या. त्यापुढे मराठी माणूस आणि नॉर्वेचा माणूस यांच्यातलं अंतर अगदी अलीकडचं आहे.

आणि तरीही याच खंडाच्या दक्षिण अर्ध्या भागात, बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांत, थक्क करणारं साम्य सापडतं. ‘तीन’ला पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘तातू’, झिंबाब्वेच्या शोना भाषेतही ‘तातू’ आणि दक्षिण आफ्रिकेच्या झुलूत ‘थाथू’. मांस म्हणजे ‘न्यामा’ किंवा ‘इन्यामा’; शेळी म्हणजे ‘म्बुझी’ किंवा ‘इम्बुझी’. ढोलाला कांगो नदीच्या मुखापासून हिंदी महासागरापर्यंत ‘न्गोमा’ म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या एकाच शब्दात ढोल, नाच आणि रोग बरा करण्यासाठी जमलेली मंडळी एवढं सगळं येतं. घरातल्या मृत पूर्वजांना शोना लोक ‘मुद्झिमु’ म्हणतात, दक्षिणेचे सोथो लोक ‘बादिमो’, आणि दोघांच्याही श्रद्धेनुसार ते घरावर लक्ष ठेवून असतात, दुर्लक्ष झालं तर रुसतात.

साम्य शब्दांपुरतंच असतं तर उसनवारी म्हणून सोडून देता आलं असतं. पण लोखंडाच्या भट्ट्या पाहा. शोना लोहारांच्या जुन्या भट्ट्यांवर मातीचे स्तन आहेत, कमरेवर बायकांच्या अंगावर असायची तशी व्रणांची नक्षी आहे. भट्टी ही गर्भवती स्त्री आणि तिच्यातून बाहेर येणारं लोखंड हे बाळ. ती पेटलेली असेपर्यंत भट्टीवाल्यांनी स्त्रीसंग करायचा नाही, हा नियम बांटूभाषक प्रदेशात एकमेकांपासून फार दूर राहणाऱ्या लोकांत नोंदला गेला आहे.

या भाषांच्या कुळाला ‘बांटू’ हे नाव विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथातून रूढ केलं. आज या कुळात सुमारे ५०० भाषा मोजतात. त्यांचं मूळ गाव कुठलं यावर विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. माल्कम गथ्री यांनी आजच्या झांबिया-कांगोच्या सीमेकडे बोट दाखवलं. जोसेफ ग्रीनबर्ग म्हणाले, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेवर. ग्रीनबर्ग यांचा तर्क सोपा आणि भक्कम होता: बांटू भाषांच्या सर्वांत जवळच्या नातलग भाषा तिथे दाटीने आहेत, आणि भाषांना एवढं वेगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून जिथे थोड्या जागेत जास्त वेगळेपण आहे ते ठिकाण सर्वांत जुनं. ग्रीनबर्ग बरोबर होते हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. तिथून हे लोक साधारण पाच ते चार हजार वर्षांपूर्वी हलू लागले आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत त्यांची वस्ती दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचली होती.

पण खरा प्रश्न इथे सुरू होतो. हलली ती माणसं की फक्त भाषा आणि चालीरीती? भाषा माणसांशिवायही पसरते. मध्य आफ्रिकेच्या दाट जंगलातले अका लोक शिकार आणि मध-कंदमुळांवर जगत आले. त्यांचे पूर्वज बांटू शेतकरी येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून त्या जंगलात आहेत, आणि आज त्यांची भाषा बांटू आहे. भाषा एका बाजूची, वंश बहुतांशी दुसऱ्या बाजूचा.

कॅमेरूनच्या शुम लाका या गुहेत याहून मोठा धक्का बसला. गुहा नेमकी त्या मूळ प्रदेशात आहे. तिथे पुरलेल्या चार मुलांचा डीएनए २०२० मध्ये प्रसिद्ध झाला; दोन मुलं सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची, दोन सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची. ही बांटूंची पूर्वज निघतील अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. त्यांचं नातं मध्य आफ्रिकेतल्या जंगली शिकाऱ्यांशी अधिक जवळचं निघालं. म्हणजे उगमस्थानीसुद्धा एकाच वेळी वेगवेगळे लोक शेजारी राहत होते, आणि एका गुहेतल्या हाडांवरून आख्ख्या प्रदेशाचं कूळ ठरवता येत नाही.

मग माणसं हलली हे ओळखायचं कसं, आणि वाटेत कोणाला कधी भेटली हे मोजायचं कसं? यासाठी जी युक्ती वापरतात ती मला आधुनिक जीवशास्त्रातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. समजा आई सान आहे आणि वडील बांटू. त्यांच्या मुलीत प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत सान आणि दुसरं तसंच सलग बांटू. संशोधक संगणकावर त्यांना दोन रंग देतात. आपण सानला पिवळा आणि बांटूला निळा देऊ. अजून रंग मिसळलेले नाहीत.

आता ही मुलगी मोठी होते आणि तिच्या शरीरात बीजांडं तयार होतात. शाळेत शिकलेलं अर्धगुणसूत्री विभाजन आठवा. त्यात जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना लगटून उभी राहतात, काही जागी तुटतात आणि तुटलेले तुकडे अदलाबदल करून पुन्हा जुळतात. सगळी गुणसूत्रं मिळून असे सरासरी ३५ च्या आसपास काप पडतात, बीजांडात जास्त, शुक्रपेशीत कमी. त्यामुळे नातवाला या आईकडून जे गुणसूत्र मिळतं ते थोडं पिवळं, थोडं निळं असतं. पट्टे अजून लांबलचक. पणतूमध्ये पुन्हा काप पडतात. पट्टे आखूड होतात. पिढ्यान् पिढ्या हे चालू राहतं आणि एकदा आखूड झालेला पट्टा पुन्हा लांब होण्याची शक्यता जवळजवळ नसते.

हेच घड्याळ. गुणसूत्रावरचं अंतर ‘सेंटिमॉर्गन’ या एककात मोजतात. ज्या दोन जागांच्या मध्ये एका पिढीत काप पडण्याची शक्यता शंभरात एक, त्यांच्यातलं अंतर एक सेंटिमॉर्गन. मानवी डीएनएत ते सरासरी दहा लाख अक्षरांएवढं भरतं. त्यावरून ढोबळ सूत्र निघतं: १०० ला पिढ्यांच्या संख्येने भागा, म्हणजे पट्ट्याची सरासरी लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मिळेल. मिसळण होऊन दहा पिढ्या झाल्या असतील तर पट्टे साधारण १० सेंटिमॉर्गनचे. हजार वर्षं, म्हणजे ३५ पिढ्या, झाल्या असतील तर तीनच्या आसपास. यात एक दुरुस्ती करावी लागते: निळ्याला निळाच तुकडा जोडला गेला तर काप पडूनही दिसत नाही, म्हणून ज्या वंशाचं प्रमाण जास्त त्याचे पट्टे थोडे लांब भासतात. हे प्रमाण ठाऊक असलं की गणित सुधारता येतं. शिवाय पट्टे सगळे एकाच लांबीचे नसतात; लहान पुष्कळ, मोठे विरळ, अशी त्यांची उतरती वाटणी असते. त्या उताराच्या आकारावरून मिसळण एकाच काळात झाली की अनेक लाटांत, हेही पुष्कळदा कळतं.

घरबसल्या डीएनए तपासून ‘तुम्ही इतके टक्के अमुक’ असं सांगणाऱ्या जाहिराती पाहतो तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटतं. टक्केवारी ही या माहितीतली सर्वांत मुकी गोष्ट आहे. एकाचा एक आजोबा परका असेल तर त्याच्यात २५ टक्के परका वंश सलग, लांब पट्ट्यांत असतो. दुसऱ्याच्या समाजात ती मिसळण ३० पिढ्यांपूर्वी झाली असेल तर तेच २५ टक्के शेकडो बारीक पट्ट्यांत विखुरलेले असतात. आकडा तोच असला तरी दोघांच्या घराण्यांचा इतिहास पूर्ण वेगळा आहे. त्यातून आफ्रिकेतल्या बहुसंख्य समाजांचे नमुने आजवर फारच थोडे गोळा झाले आहेत, त्यामुळे तिथली टक्केवारी तर आणखी जपून वाचावी.

२०२३ च्या अखेरीस ‘नेचर’ मध्ये आलेल्या संशोधनात हे नमुने मोठ्या संख्येने गोळा केले गेले: १४ देशांतल्या १४७ समाजांतली १,५२६ बांटूभाषक माणसं. संशोधकांनी गुणसूत्रांवरचे स्थानिक लोकांकडून आलेले पट्टे झाकले आणि उरलेला बांटू भागच तपासला. तो पश्चिमेकडून जसजसा दूर जातो तसतशी त्यातली विविधता घटत जाते. बियाण्याच्या कणगीतून मूठभर दाणे घेऊन नवं गाव वसवावं, त्या गावातून पुन्हा मूठभर घेऊन पुढचं, तर प्रत्येक मुक्कामाला काही वाणं मागे राहतात. इथे तसंच झालं आहे. नुसती भाषा पसरली असती तर ही उतरण दिसली नसती. माणसं खरोखर हलली होती. आजचा झांबिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा या वाटांचा संगम असावा असंही त्यातून दिसतं.

मग झाकलेले पिवळे, म्हणजे स्थानिक लोकांचे, पट्टे काय सांगतात? ते जागोजागी वेगळं सांगतात. मलावीत हजारो वर्षं राहिलेल्या शिकाऱ्यांचा डीएनए प्राचीन हाडांतून मिळाला आहे. आजच्या मलावीतल्या लोकांत त्यांचा अंश जवळजवळ सापडतच नाही. दक्षिणेला खोसा आणि त्स्वाना या बांटूभाषक लोकांत मात्र खोइ-सान, म्हणजे तिथल्या जुन्या खोइ पशुपालकांचे आणि सान शिकाऱ्यांचे, पट्टे भरपूर आहेत. खोसा भाषेत जीभ टाळूला किंवा दातांना चिकटवून चटकन सोडून काढायचे ते ‘क्लिक’ ध्वनी याच शेजाऱ्यांकडून आले. आईकडूनच मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए पाहिला तर त्यात खोइ-सान शाखा ठळक आहे. वडिलांकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र बहुतांशी पश्चिमेकडचं आहे. म्हणजे बांटू घरांत खोइ-सान स्त्रिया आल्या, उलट फारसं घडलं नाही. त्या स्वखुशीने आल्या की आणल्या गेल्या, हे डीएनए सांगत नाही.

आणि ज्या गुरांवाचून झुलू किंवा खोसा लग्नातला लोबोला, म्हणजे वधूच्या घरी द्यायची जनावरं, कल्पनेतही येत नाही, ती गुरं कुठून आली? पश्चिमेच्या दमट जंगलातून तर नक्कीच नाही, तिथे त्सेत्से माशीपुढे बहुतेक गुरं टिकत नाहीत. मोठेपणीही दूध पचवू देणारा जो जनुकीय बदल केनिया-टांझानियाच्या गुराख्यांत सापडतो तोच दक्षिणेच्या खोइ लोकांतही आहे. पूर्व आफ्रिकेतले पशुपालक दक्षिणेत पोहोचल्याची ती खूण. भाषा कॅमेरूनकडची, क्लिक कालाहारीकडचे, गुराखीपण पूर्वेचं: खोसा माणसाच्या एका घरात हे तिन्ही आहे आणि तिन्ही त्याचंच आहे.

हे मी ठासून सांगतो, कारण आफ्रिकेच्या वारशावर बाहेरच्यांनी केलेली चोरी जुनी आहे. ग्रेट झिंबाब्वेचे भव्य दगडी तट पाहून १८७१ मध्ये कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने ते शेबाच्या राणीशी जोडले. तिथल्या तुळईचं लाकूड त्याला आपल्या पेन्सिलीसारखं वाटलं आणि तेवढ्यावर त्याने ते लेबनॉनचं सीडर ठरवलं. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून ते स्थानिक आफ्रिकी लोकांनीच बांधलं हे दाखवलं. तरी ऱ्होडेशियाचं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचं, गोरं सरकार पुढे कित्येक दशकं हे सत्य दडपत राहिलं. चार शब्द किंवा एक भिंत सारखी दिसली की ‘हे मूळचं आमचंच’ म्हणणारे संदेश आपल्याही फोनवर येतात. त्यांचं कूळ हेच.

या घड्याळाची एक मोजणी आपल्या अगदी शेजारची आहे. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दींचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. त्यांतले बरेच जण सुटून घाटावरच्या जंगलात गेले. आज ते कोकणी बोलतात. गुजरातचे सिद्दी बावा गोर यांच्या दर्ग्यावर ढोलांच्या साथीने जो नाच करतात त्याचं नाव ‘गोमा’. २०११ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या सिद्दींचा डीएनए तपासला. आफ्रिकी पट्ट्यांचं नातं बांटूभाषकांशी निघालं आणि पट्ट्यांच्या लांबीवरून भारतीय लोकांशी मिसळण सुमारे आठ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे जवळपास २०० वर्षांपूर्वीची ठरली.

मात्र हा निष्कर्ष उचलून निजामशाहीचा मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी यांना लावू नये. अंबर इथिओपियाचा, म्हणजे हबसाणातला, आणि जंजिऱ्याचं घराणंही परंपरेने स्वतःला हबशीच म्हणवतं. इथिओपिया बांटू प्रदेशाबाहेर आहे. तिथले लोक, भाषा आणि वंश वेगळे. अरबी समुद्र ओलांडून आलेल्या या सगळ्यांना आपण एकाच नावाने ओळखत आलो, पण त्यातला कोण कुठून आला हे प्रत्येक वस्तीत स्वतंत्रपणे तपासावं लागेल, आणि महाराष्ट्रात ते काम अजून पुष्कळ करण्यासारखं आहे.