पार्श्वभूमी : फ्रीसलंडकॅम्पिना आणि ‘हमी दर’ या शब्दाचा गुंता

फ्रीसलंडकॅम्पिना ही नेदरलँड्समधील सहकारी दूध संस्था २०२३ मध्ये १४ कोटी ९० लाख युरोंच्या तोट्यात गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिने सुमारे १,८०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. शेतकऱ्यांच्याच मालकीची संस्था तोट्यात जाते, तेव्हा तो तोटा नेमका कोणाचा असतो, हा प्रश्न यातून पुढे आला. जुन्या सहकारी पद्धतीत तो विचारण्याचीही गरज पडत नसे, कारण वर्ष वाईट गेले तर दुधाचा दरच कमी निघत असे आणि हिशेब तिथेच संपत असे. इथे मात्र सभासदांना ठरल्याप्रमाणे दर मिळाला होता आणि तरीही संस्थेच्या ताळेबंदात तूट होती. ही स्थिती कशी आली, हे समजायचे तर संस्थेच्या स्थापनेपेक्षा तिच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांकडे अधिक पाहावे लागते.

प्रारंभाचा भाग थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बाजारात डच लोण्याची पत घसरली. मार्गारिनची (लोण्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त पदार्थाची) भेसळ हे त्याचे एक कारण होते आणि डेन्मार्कचे एकसारख्या प्रतीचे लोणी हे दुसरे. साय वेगळी करणारे यंत्र १८७८ च्या सुमारास आले, तेव्हा घरोघरी घुसळलेल्या लोण्याचे दिवस संपत आले होते. फ्रीसलंड प्रांतात फेनवाउदन येथे १८७९ मध्ये पहिला दूध कारखाना सुरू झाला, पण तो खासगी होता. वार्गा या गावच्या शेतकऱ्यांनी १८८६ मध्ये स्वतःचा सहकारी कारखाना काढला आणि त्यानंतर प्रांतातील गावागावांत तसे कारखाने उभे राहिले. कालव्यांच्या त्या प्रदेशात दुधाचे कॅन होड्यांतून कारखान्यात येत, आणि साय काढून उरलेले दूध वासरांसाठी त्याच होडीतून परत जाई. त्या काळचा सभासद होडीत किती कॅन गेले आणि किती परत आले, यावरून आपला व्यवहार डोळ्यांनी पाहू शकत होता. आजच्या सभासदाला तो कागदावर शोधावा लागतो, आणि पुढचे विवेचन मुख्यतः त्या कागदाविषयीच आहे.

स्थापनेच्या वर्षाबाबत एक विसंगती नोंदवायला हवी. फ्रीसलंडमधील कारखान्यांचा वारसा सांगणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये आपली १२५ वर्षे साजरी केली आणि त्याच वेळी तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. म्हणजे तेव्हा गणना १८७९ पासून होती. दक्षिणेकडील कॅम्पिनाशी झालेल्या विलीनीकरणानंतरच्या संस्थेने १५० वर्षे साजरी केली ती २०२१ मध्ये, कारण आता मूळ १८७१ मधील उत्तर हॉलंडच्या वीरिंगरवार्ड येथील शेतकऱ्यांच्या एकत्र येण्यात शोधले गेले. सतरा वर्षांत संस्था पंचवीस वर्षांनी मोठी झाली. अनेक शाखांची संस्था कोणत्या पूर्वजाला मूळपुरुष मानते, यावर हे वय ठरते, आणि असे पूर्वज शेकड्यांनी आहेत.

त्या पूर्वजांपैकी दोन धारा महत्त्वाच्या ठरल्या. उत्तरेकडील धारा निर्यातीची होती. तिथल्या सहकारी कारखान्यांनी १८९८ मध्ये विक्रीसाठी एकत्र संघ काढला, १९१३ मध्ये लेवार्डन येथे आटवलेल्या दुधाचा कारखाना उभारला आणि १९२२ पासून ते डबे तेव्हाच्या डच वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जाऊ लागले. फ्रीसलंडच्या झेंड्याचे चित्र असलेला तो डबा आजही तिथल्या दुकानांत दिसतो. दक्षिणेकडील धारा ब्राबांट भागातील. तिथे गावोगावचे छोटे लोणी कारखाने हळूहळू एकत्र आले, त्यातून १९२६ मध्ये फेखेल येथील संस्था झाली, आणि आइंडहोव्हन परिसरातील केम्पन या प्रदेशाच्या लॅटिन नावावरून १९४७ मध्ये ‘कॅम्पिना’ हे नाव आले. आपल्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्यापांढऱ्या गाईच्या नावातील ‘फ्रिजियन’ हे फ्रीसलंडचेच, एवढी ओळख मराठी वाचकाला पुरेशी आहे.

युद्धानंतर रस्ते झाले, शेतावर दूध थंड ठेवणाऱ्या टाक्या आल्या, टँकर थेट गोठ्यापर्यंत जाऊ लागला आणि गावाचा कारखाना अनावश्यक झाला. दक्षिणेकडील संस्था १९७९ आणि १९८९ मध्ये मोठ्या झाल्या. उत्तर आणि पूर्वेकडील चार सहकारी संस्था १९९७ च्या अखेरीस एक झाल्या. कॅम्पिनाने २००४ च्या डिसेंबरात डेन्मार्क-स्वीडनमधील एका मोठ्या सहकारी संस्थेशी विलीन होण्याचे जाहीर केले, पण पुढच्या वसंतात ती बोलणी मोडली. त्यानंतर २००७ च्या डिसेंबरात उत्तर आणि दक्षिण या दोन्ही धारांनी एकत्र येण्याचे ठरवले.

युरोपीय स्पर्धा नियामकांनी सखोल चौकशीनंतर १७ डिसेंबर २००८ रोजी संमती दिली, ती अटींसह. नायकेर्क येथील ताज्या दुधाचा व्यवसाय विकावा, चीजचा काही भाग विकावा, दोन पेयांची नावे सोडावीत, या अटी सर्वसाधारण वाचकालाही समजतात. अधिक महत्त्वाची अट कच्च्या दुधाविषयीची होती. विकलेल्या कारखान्यांना आणि इतर स्पर्धकांना वर्षाला १ अब्ज २० कोटी किलोपर्यंत दूध उपलब्ध करून देण्यासाठी स्वतंत्र न्यास काढावा लागला, आणि जो सभासद संस्था सोडून स्पर्धकाकडे दूध घालायला जाईल त्याला १०० किलोमागे ५ युरो द्यावे लागतील असे ठरले. सहकारी संस्थेने स्वतःच्या सभासदाला बाहेर पडण्याचे पैसे द्यावेत, हे अनेकांना विपरीत वाटले. माझ्या मते ती अट त्या निर्णयातील सर्वांत दूरदृष्टीची होती, आणि त्याचे कारण हमी दरात आहे.

डच भाषेत ज्याला ‘खारांतीप्रेस’ म्हणतात, त्याचे मराठीत सहज भाषांतर ‘हमीभाव’ असे होते. पण ते भाषांतर वाचकाची दिशाभूल करते. आपल्याकडे हमीभाव म्हणजे सरकारने जाहीर केलेली किमान किंमत, ज्याखाली बाजार गेला तर सरकारने खरेदीला उतरावे अशी अपेक्षा असते. फ्रीसलंडकॅम्पिनाच्या हमी दरात सरकार कुठेच नाही. तो उत्पादन खर्चावर आधारलेला नाही आणि तो किमानही नाही, कारण बाजार पडला की तोही पडतो. जर्मनी, डेन्मार्क, बेल्जियम आणि खुद्द नेदरलँड्समधील इतर दूध कंपन्या आपापल्या शेतकऱ्यांना काय दर देतात, त्याची भारित सरासरी काढून तेवढा दर आम्ही आमच्या सभासदाला देऊच, असे ते वचन आहे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी अंदाज बांधून दर जाहीर होतो आणि अंदाज चुकला असेल तर फरक नंतरच्या महिन्यांत समायोजित केला जातो. म्हणून या लेखात ‘हमी दर’ हाच शब्द वापरला आहे, जरी ‘शेजाऱ्याइतका दर’ असे म्हणणे अधिक खरे ठरले असते.

हा दर कोणत्या दुधाचा, हेही पाहण्याजोगे आहे. बरीच वर्षे तो ३.४७ टक्के प्रथिने, ४.४१ टक्के फॅट आणि ४.५१ टक्के दुग्धशर्करा असलेल्या १०० किलो दुधासाठी सांगितला जात असे, आणि प्रथिने, फॅट व दुग्धशर्करा यांचे मोल १० : ५ : १ या प्रमाणात धरले जाई. आपल्या डेअरीत फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातील इतर घन घटकांची) पावती हातात घेऊन उभा राहणारा शेतकरी हे प्रमाण पाहून चकित होईल, कारण तिथे फॅटपेक्षा प्रथिनांना किलोमागे दुप्पट किंमत आहे. ज्या संस्थेच्या उत्पन्नात चीज आणि पोषण-घटकांचा वाटा मोठा, तिला प्रथिनेच अधिक हवीत. लोण्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा हा प्रवास त्या तीन आकड्यांत दिसतो.

खरा बदल मात्र हिशेबाच्या क्रमात झाला. जुन्या सहकारी पद्धतीत माल विकून आलेल्या पैशातून खर्च वजा केला की जे उरे, तोच दुधाचा दर. दूध हा शेवटचा आकडा होता. हमी दर आल्यावर दूध हा पहिला आकडा झाला, म्हणजे इतर कोणत्याही कच्च्या मालासारखा खर्च, आणि शेवटी उरू लागला तो नफा. नफा आला की त्याचे काय करायचे, हा प्रश्नही आला. २०१७ ते २०१९ या काळासाठी ठरलेल्या धोरणानुसार त्यातील ५५ टक्के संस्थेकडे राहायचे, ३५ टक्के सभासदांना रोख मिळायचे आणि १० टक्के सभासद रोख्यांच्या रूपाने त्यांच्या नावे जमा व्हायचे. रोख भाग म्हणजे कोल्हापूरकडे ज्याला ‘दर फरक’ म्हणतात त्याच्या जवळचा. रोखे म्हणजे साखर कारखान्यांच्या उसाच्या बिलातील कपातीच्या ठेवीची आठवण व्हावी असे, त्यावर व्याज मिळते, पण सभासदत्व असेपर्यंत ते अडकलेले असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक नफा सामायिक तिजोरीत जायचा, आणि त्या भागावर कोणत्याही एका सभासदाचे नाव नसते. निवृत्त होताना तो मागे ठेवूनच जावे लागते. संस्थेच्या बाजूने सांगितले जाते की परदेशातील कारखाने आणि ब्रँड याच पैशातून उभे राहतात. ते खरे आहे, पण ज्याच्या सत्तर गाईंच्या गोठ्याला पुढे चालवणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ते पुरेसे उत्तर नाही.

याच दरामुळे २००८ च्या अटींना महत्त्व आहे. शेजाऱ्याइतका दर देण्याच्या वचनाला शेजारी लागतो. विलीनीकरणानंतर देशातील निम्म्याहून कितीतरी अधिक दूध एकाच संस्थेकडे आले होते, आणि देशांतर्गत स्पर्धक क्षीण झाले असते तर सरासरी कशाची काढायची, हा प्रश्न उभा राहिला असता. नायकेर्कचा कारखाना २००९ मध्ये विकत घेणारी संस्था होती ती कॅम्पिनाशी बोलणी मोडलेली डेन्मार्क-स्वीडनची सहकारी संस्थाच. अशा रीतीने डच भूमीवर दूध घेणारा एक मोठा शेजारी टिकला.

नंतरच्या घडामोडींनी या वचनाला वारंवार ताण दिला. युरोपातील दूध कोटा, म्हणजे दूध उत्पादनावरची मर्यादा, १९८४ मध्ये आला होता, कारण लोण्याचे आणि भुकटीचे ढीग साठले होते. (याच युरोपीय अतिरिक्त साठ्यातील भुकटी आणि बटर ऑइल १९७० पासून भारतात देणगी म्हणून आले व दूधमहापूर योजनेला भांडवल झाले, हा आपला या इतिहासाशी असलेला खरा दुवा आहे.) कोटा ३१ मार्च २०१५ रोजी संपला. डच शेतकऱ्यांनी आधीपासूनच गोठे वाढवले होते. पोटनियमांप्रमाणे सभासदाने सगळे दूध संस्थेलाच घालायचे आणि संस्थेने ते सगळे घ्यायचे, असे दुहेरी बंधन असल्यामुळे संस्थेला नको म्हणता येईना. शेवटी १ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०१६ या सहा आठवड्यांत जो सभासद दूध वाढवणार नाही, त्याला किलोमागे २ सेंट जादा देण्याचे तिने जाहीर केले. दूध न वाढवण्यासाठी दूध संस्थेनेच पैसे मोजावेत, हे चित्र कोट्याशिवायच्या पहिल्याच हिवाळ्यात दिसले. पुढे जनावरांच्या शेणामुतातून येणाऱ्या फॉस्फेटची १७ कोटी २९ लाख किलोंची राष्ट्रीय मर्यादा ओलांडली गेली, २०१७ मध्ये गाई कमी कराव्या लागल्या आणि १ जानेवारी २०१८ पासून फॉस्फेट हक्कांची पद्धत लागू झाली, म्हणजे ज्याच्याकडे जेवढे हक्क, तेवढ्याच गाई त्याला ठेवता येणार होत्या. त्या हक्कांसाठी २ जुलै २०१५ ची जनावरांची संख्या आधार धरली गेली, त्यामुळे बँकेचे कर्ज काढून गोठा बांधला पण त्या तारखेला तो भरलेला नव्हता, अशांवर मोठा अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२३ चा तोटा या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. बाजारात चीज आणि भुकटीचे भाव उतरले ते वेगाने, पण शेजाऱ्यांच्या दरांवर आधारलेला हमी दर त्या मानाने सावकाश उतरला. महाग दुधापासून केलेला माल स्वस्तात विकावा लागला. सभासदाला त्या वर्षी रोख पुरवणी रक्कम मिळाली नाही, आणि तोटा सामायिक तिजोरीने सोसला, म्हणजे नाव नसलेल्या त्याच पैशाने. २०२४ मध्ये संस्था पुन्हा नफ्यात आली.

दरम्यान सभासद गोठ्यांची संख्या दहा हजारांच्या खाली आली होती आणि दुधाचे प्रमाण टिकवणे हीच चिंता झाली होती. एकेकाळी जास्त दुधामुळे अडचणीत आलेल्या संस्थेला आता कारखान्यांसाठी दूध शोधावे लागत होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने बेल्जियममधील सर्वांत मोठ्या दूध सहकारी संस्थेशी विलीन होण्याचा इरादा जाहीर केला. ज्या देशांच्या दरांची सरासरी काढून सभासदाचा हमी दर ठरत आला, त्यांत बेल्जियम हा एक होता. तिथला सर्वांत मोठा शेजारीच घरात आल्यावर त्या देशाचा दर कोणाकडून मोजायचा, हे दोन्हीकडच्या सभासदांना संस्थेकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे लागेल.